गडी म्हणजे नक्की कोण? नोकर, खेळाडू की नुसता माणूस

पेपरात क्रिकेटच्या पानावर हेडिंग असतं, "भारताचा पाच गडी राखून विजय", आणि पाडव्याच्या आसपास त्याच पेपरात गावाकडच्या पानावर दुसरं हेडिंग असतं, "सालगडी मिळेना, शेतकरी हैराण". शब्द दोन्हीकडं एकच. एकीकडं तो बॅट घेऊन मैदानात उभा आहे आणि दुसरीकडं वर्षभराच्या बोलीवर कुणाच्या तरी शेतात राबतोय. शहरात वाढलेल्या पोरांनी जुनी पत्रं, जुन्या कथा, आजोबांच्या हिशेबाच्या वह्या वाचायला घेतल्या की इथंच अडतात, "गड्याबरोबर आंबे पाठविले आहेत" असं लिहिलंय म्हणजे मित्राबरोबर का नोकराबरोबर, आणि "घरात गडीमाणूस कोणी नाही" म्हणजे घरात नोकर नाही का नवरा नाही. हे सगळं एकदा नीट उलगडून सांगायचं कधीपासून मनात होतं, कारण हा शब्द नुसता अर्थ पाठ करून कळत नाही, त्याच्या मागं कामाची एक अख्खी पद्धत आहे आणि ती समजली की शब्द आपोआप समजतो.

आधी जुना अर्थ घेऊ. गडी म्हणजे सोबती, जोडीदार, विशेषतः खेळातला. खेळगडी आणि सवंगडी हे शब्द आपण आजही सहज वापरतो, आणि संतांच्या काल्याच्या अभंगांत कृष्णाबरोबर गाई राखणारे, चेंडू खेळणारे जे गोपाळ येतात ते त्याचे गडीच. खो-खो, आट्यापाट्या, हुतूतू या सगळ्या खेळांत गडी बाद होतो, गडी कमी पडतो, आणि क्रिकेट आपल्याकडं आल्यावर मराठी पेपरवाल्यांनी विकेटसाठी हाच शब्द उचलला, म्हणून पाच गडी राखून. एकमेकींना लाडानं म्हणतात ते "नको ना गडे" मधलं गडे पण हेच, गडी ह्या शब्दाची हाक मारायची रूपं म्हणजे गड्या आणि गडे. "गड्या, आपला गाव बरा" मध्ये कोणी नोकराशी बोलत नाहीये, बरोबरीच्या माणसाशी मन मोकळं करतंय.

तिथून पुढं अर्थ पसरत गेला. गडी म्हणजे धडधाकट पुरुष. गडी लई भारी आहे, गडी एकटाच निघाला, रांगडा गडी, यात कौतुक असतं. गडीमाणूस आणि बाईमाणूस ही जोडी पण त्यातलीच, इथं गडी म्हणजे फक्त पुरुष, म्हणून घरात गडीमाणूस नाही म्हणजे कर्ता पुरुष घरात नाही, रात्रीबेरात्री उठायला कोणी नाही. आणि तिसरा अर्थ नोकर, हाताखालचा माणूस, जो आपल्या आजच्या विषयाचा आहे.

सोबती म्हणणारा शब्द नोकरासाठी कसा काय वापरात आला हे बऱ्याच जणांना विचित्र वाटतं. पण खुद्द नोकर हा शब्द घ्या. तो आपल्याकडं फारसीतून आला आणि फारसीत आला मंगोल भाषेतून, तिथं त्याचं रूप नोकोर असं आहे आणि अर्थ आहे साथीदार. चंगीझखानाच्या भोवती जे जिवाला जीव देणारे लढवय्ये होते ते त्याचे नोकोर. स्वतःचं कूळ सोडून एका सरदाराशी निष्ठा बांधलेली माणसं. म्हणजे तिथंही आधी साथीदार, मग सरदाराच्या पदरचा माणूस, मग पगारी माणूस, आणि मग नोकर. दोन भाषा एकमेकांपासून हजारो मैल लांब आणि वाट सेम. मला वाटतं यात फार नवल नाही, कारण ज्याच्याबरोबर काम करायचं तो सोबतीच असतो, फक्त एकाच्या हातात जमीन आणि पैसा आला की दुसरा सोबती राहत नाही, त्याचा माणूस होतो, आणि शब्द मात्र जुनाच चालू राहतो.

अशा शब्दांची चढउतार बघायला मजा येते म्हणून दोनचार सांगून टाकतो. शिपाई म्हणजे मूळचा सैनिक, आता ऑफिसात फाईल नेणारा. नोकर शब्द कुणाला लावला तर अपमान वाटतो पण नोकरी लागली की पेढे वाटतात. चाकर एकट्यानं वापरला तर हलका, पण गणपतीला मुंबईहून कोकणात येणारा चाकरमानी म्हटला की त्यात घरच्यांना अभिमानच असतो. हुजऱ्या म्हणजे हुजूर, म्हणजे धन्याच्या समोर हजर राहणारा, आता तो शब्द राजकारणात लाळघोट्या माणसाला शिवी म्हणून वापरतात. मोलकरीण यात मोल आहे, म्हणजे पैसे घेऊन काम करणारी, तर बिगारी आणि वेठबिगार हे शब्द आले फारसीतल्या बेगारवरनं, म्हणजे मोबदला न देता करून घेतलेलं काम. आणि बटीक व कुणबीण हे शब्द या सगळ्यांपेक्षा फार वेगळे आहेत, हे मुद्दाम सांगतो कारण जुनी कागदपत्रं वाचताना इथं लोक हमखास फसतात. पेशवाईतल्या कागदांत कुणबीण म्हणजे बहुतेक वेळा कुणब्याची बायको नसते, ती गुलाम बाई असते, विकत घेतलेली, दान दिलेली, शिक्षा म्हणून गुलाम केलेली. बटीक पण तेच. गुलामीला कोर्टाचा आधार काढून घेणारा कायदा इंग्रजी अमलात 1843 साली झाला. गडी हा गुलाम नाही. तो विकला जात नाही, तो ठरवून, बोली करून कामाला लागतो. निदान तत्त्वानं तरी. प्रत्यक्षात काय व्हायचं ते पुढं येईलच.

आता नोकर या अर्थाचा गडी ओळखायचा कसा. सगळ्यात सोपी खूण क्रियापदात आहे. गडी ठेवला, गडी लावला, गड्याला धाडलं, गडी सोडून गेला, असं असेल तर तो कामाचा माणूस. गडी बाद झाला, गडी जिंकला, तर खेळ. तगडा, रांगडा, एकटा असं विशेषण पुढं असेल तर नुसता माणूस. "शेती घरची का गड्यावर?" असं कुणी विचारलं तर प्रश्न असा असतो की तुम्ही स्वतः राबता का माणूस ठेवून करून घेता, आणि "गड्यावर आहे" या उत्तरात थोडी श्रीमंती पण दिसते. दुसरी खूण मला जास्त महत्त्वाची वाटते. नोकर या अर्थानं गडी कायम एकेरीत येतो. मालक आले, पाटील आले, गुरुजी आले, पण गडी आला. तो साठ वर्षांचा असला आणि मालक पंचविशीचा असला तरी गडी आला. घरातली लहान पोरं मात्र त्यालाच मामा किंवा तात्या म्हणतात, त्याच्या खांद्यावर बसून शेतात जातात, आणि तीच पोरं मोठी होऊन व्यवहार बघायला लागली की मामाचा पुन्हा गडी होतो. हे मी अनेक घरांत बघितलंय आणि बघताना वाईट वाटायचं, अजून वाटतं.

शहरातला घरगडी वेगळा. पाणी भरणं, बाजार आणणं, कपडे, भांडी, मुलांना शाळेत सोडणं ही त्याची कामं. मुंबईत तर कोकणातून, जास्त करून रत्नागिरीकडून आलेल्या या माणसांना सरसकट रामा म्हणायची पद्धत पडली, रामागडी, मग त्याचं खरं नाव काहीही असो, आणि मराठी घरांतच नाही तर गुजराती, पारशी घरांत पण रामा हाच शब्द रूढ झाला. माणसाचं नावच काढून टाकून कामाचं नाव लावायचं हा प्रकार त्या पिढीतल्या लोकांना खटकला नाही, आज वाचताना खटकतो. पुढं घरकाम हळूहळू बायकांकडं गेलं, रामा संपला आणि कामवाली, मग मावशी, ताई आल्या. सरकारी भाषेत आता घरेलू कामगार म्हणतात, महाराष्ट्रात त्यांच्या कल्याण मंडळाचा कायदा 2008 साली झाला.

पण खरा गडी बघायचा तर सालगडी बघायला पाहिजे. साल म्हणजे वर्ष, हा शब्द फारसी. सालगडी म्हणजे एका मालकाकडं वर्षभराच्या बोलीवर राहिलेला शेतकामाचा माणूस. मराठवाडा आणि विदर्भात सालगडी म्हणतात, खान्देशात सालदार, काही भागात महिन्याच्या हिशेबानं महिनदार. वर्ष कधी सुरू होतं हे पण भागाभागावर आहे, मराठवाड्यात विदर्भात गुढीपाडव्याला, खान्देशात आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला. हे दिवस मुहूर्त म्हणून तर आहेतच, पण त्यामागं शेतीचं कॅलेंडर आहे, रब्बी निघालेली असते, वावर रिकामं असतं, नांगरट वखरट व्हायची असते आणि पावसाळ्याच्या आत माणूस पक्का करायचा असतो. ज्याचा गडी पाडव्याला ठरला नाही तो मृग येईस्तोवर माणसं हुडकत फिरतो.

ही बोली कशी होते ते ऐकण्यासारखं असतं. कागद सहसा नसतो. ओट्यावर चहा होतो, एखादा जाणता माणूस मधी बसतो.

"मंग, यंदा कसं करायचं? ऱ्हायचं का?"

"ऱ्हायला काय मालक, पण औंदा पोरीचं लगीन काढलंय, तेवढं बघा."

"ते बघू की. आधी सालाचं बोल."

"शेजारच्या वावरात एक लाख धा दिलेत म्हनं."

या चार वाक्यांत अख्खा करार आहे. सालाचं म्हणजे वर्षाचा आकडा. आणि "तेवढं बघा" म्हणजे उचल, आगाऊ रक्कम, जी लग्न, आजारपण, घराचे पत्रे, जुनं देणं अशा गोष्टींसाठी साल सुरू होतानाच हातात घ्यायची. लोकांना वाटतं की आकड्यावर घासाघीस होते, ती होतेच, पण माझ्या मते बोलीचं खरं वजन उचलीत असतं, कारण गड्याला पैसे बाराव्या महिन्यात नको असतात, आज पाहिजे असतात, आणि ज्याला आज पैसे पाहिजेत त्याला आकडा ताणून धरता येत नाही.

पैशाशिवाय बोलीत बाकीच्या गोष्टी पण असतात आणि त्या ठरवून घेतल्या जातात. ज्वारी किंवा गहू किती, कपड्याचे जोड किती, पायातलं, घोंगडी, सकाळची भाकरी मालकाच्या घरची का स्वतःची, चहा तंबाखू कुणाचा, राहायला शेतावर खोली आहे का, बायको पण कामाला येणार का. हे शेवटचं नीट वाचा. बऱ्याच ठिकाणी गडी जोडीनं लागतो, नवरा सालावर आणि बायको शेणगोठा, झाडलोट, निंदणी खुरपणी करते, आणि तिचं काम त्याच्याच आकड्यात धरलेलं असतं किंवा धरलेलंच नसतं. गडी या शब्दात ती कुठंच दिसत नाही. ऊसतोडीत निदान एक कोयता म्हणजे नवरा बायको दोघं असं उघड मोजतात, माणसाला हत्याराचं नाव दिलंय हे वाईटच, पण मोजणीत बाई आहे. सालात ती मोजणीतच नाही.

कामाचे तास असा काही प्रकार नसतो. पहाटे उठून वैरणपाणी, धार काढणं, मग औत, दुपारी थोडं टेकायचं, परत औत नाहीतर फवारणी, संध्याकाळी जनावरं बांधायची, आणि शेतीची लाईट रात्रीची असेल तर रात्री बारा एकला मोटार चालू करून पाणी द्यायला तोच जाणार, बॅटरी आणि काठी घेऊन, विंचूकाट्यातनं. पीक हातातोंडाशी आलं की जागल, म्हणजे डुकरं आणि रोही (नीलगाई) हाकलायला रात्रभर माचाणावर. सुट्टी सणावाराला, ती पण जनावरांचं करूनच. गड्याचा खरा सण पोळा. आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी तोच करतो, बैलांना "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणायचं पण बहुतेक त्याच्याच तोंडी असतं, दुसऱ्या दिवशी सजवलेले बैल तोच तोरणाखाली नेतो. विदर्भात त्या दिवशी बैल घेऊन दारी आलं की हातावर जे पैसे ठेवतात त्याला बोजारा म्हणतात. त्या एका दिवशी गड्याला नवे कपडे, मालकाच्या घरी ताट, आणि वर्षभर ज्या बैलांच्या मागं चालला त्यांच्या पुढं चालायला मिळतं.

आता खाडा समजून घ्या, कारण सालाचा सगळा हिशेब इथं फिरतो. खाडा म्हणजे न भरलेला दिवस. ताप आला, पाहुणे आले, गावाला गेला, तर तो दिवस वहीत खाडा म्हणून पडतो आणि वर्षाच्या शेवटी पैसे कापायचे किंवा पाडव्यानंतर तेवढे दिवस जास्त काम करून साल भरून द्यायचं. समजा साल 1,20,000 ला ठरलं. 365 दिवसांनी भागलं तर दिवसाला साधारण 329 रुपये पडतात. वर्षात 20 खाडे झाले तर कापायचे किती? गडी म्हणेल वीस गुणिले 329, म्हणजे 6,580. मालक म्हणेल त्या दिवशी मी दुसरा माणूस रोजानं लावला, त्याला 500 दिले, म्हणजे 10,000 कापणार. दोघांचाही हिशेब आपापल्या जागी बरोबर वाटतो आणि म्हणूनच दरवर्षी पाडव्याच्या आधी ओट्याओट्यावर भांडणं होतात. पण जरा थांबून बघा, मालकाच्या हिशेबात एक गोष्ट कबूल होते ती अशी की त्या कामाचा बाजारातला भाव 500 आहे आणि गड्याला मात्र त्याचे 329 च मिळतायत, शिवाय रोजाचा माणूस संध्याकाळी घरी जातो आणि गडी रात्री मोटार लावायला पण आहे. धान्य कपडे धरले तरी फरक पूर्ण भरून निघत नाही. तरी माणसं सालावर का राहतात? उचलीसाठी. आणि वर्षभर कामाची खात्री, पावसाळ्यात घरात बसून राहायची वेळ येणार नाही, ही पण गोष्ट छोटी नाही. पोटाला रोजचं लागतं.

वहीत मग एका बाजूला उचल मांडत जातात, पाडवा इतके, लग्नाला इतके, दवाखाना, पोळा, दिवाळी. वही मालकाकडं असते. गड्याला वाचता येत नसेल तर सगळा भरोसा त्या वहीवर. वर्षाच्या शेवटी साल फिटलं तर गडी मोकळा, दुसरीकडं बोली करायला मोकळा. नाही फिटलं तर बाकी पुढच्या सालावर जाते, आणि बाकी आहे म्हणून तो त्याच दारात, आणि त्याच दारात आहे म्हणून आकडा मालक म्हणेल तो. साल मोडून मधेच निघून गेला तर गावात नाव खराब, शिवाय माणसं घेऊन मालक वसुलीला दारात. सगळेच मालक असे नसतात हे खरं आहे, गड्याच्या पोरांना शाळेत घालणारे, त्याचं म्हातारपण बघणारे, दोन एकर नावावर करून देणारे पण आहेत. पण चांगला मालक मिळणं नशिबावर सोडलेलं असेल तर त्या पद्धतीत गडबड आहेच असं माझं स्पष्ट मत आहे.

एक गोष्ट इथं साफ करतो, सालगडी आणि बलुतेदार एक नाहीत. बलुतेदार अख्ख्या गावाचं काम करायचा आणि सुगीला खळ्यावर प्रत्येकाकडून वाटा घ्यायचा, सालगडी एका घराचा. महारकी तर आणखी वेगळी, ती वतन होती, पिढीजात गळ्यात बांधलेली आणि बोलीचा प्रश्नच नाही, डॉ. आंबेडकर ती मोडायला वर्षानुवर्षं झगडले आणि शेवटी 1958 च्या कायद्यानं ती वतनं खालसा झाली. कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडानं किंवा वाट्यानं कसणारा, आणि अर्धेलीवाला पिकात अर्धा वाटेकरी, ते पण वेगळे. सालगड्याचा पिकाशी संबंध फक्त घामाचा, भाव पडला काय आणि चढला काय. मात्र जात इथंही होतीच. भूमिहीन कोण होतं हे आपल्याकडं जातीनं ठरलेलं, म्हणून सालावर राहणारे बहुतेक दलित, आदिवासी, भटक्या समाजातले, आणि गोठ्यात खुंटीला अडकवलेला गड्याचा वेगळा कप ज्यांनी बघितलाय त्यांना जास्त सांगायला नको.

या पद्धतीचं सगळ्यात भयानक रूप ठाणे जिल्ह्यात होतं, आताच्या पालघरमधल्या डहाणू, तलासरी आणि आता गुजरातेत असलेल्या उंबरगाव या पट्ट्यात. तिथं शब्द होता लग्नगडी. वारली माणसानं लग्नासाठी सावकार जमीनदाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडं राबायचं, बायकोसकट. फिटायचे कधीच नाहीत कारण मजुरी नावाला आणि हिशेब त्याच्याकडं, मग मुलगा मोठा झाला की त्याच्या लग्नाचं कर्ज, आणि तो पण लग्नगडी. लग्न हा शब्द ज्याला लागला तो आयुष्यभर बांधला गेला. वर वेठ वेगळी, म्हणजे फुकटचं काम. किसान सभा या शेतकऱ्यांच्या संघटनेकडून गोदावरी आणि शामराव परुळेकर तिकडं गेले, 1945 च्या मे महिन्यात झरी गावात वारल्यांची मोठी सभा झाली, फुकट वेठ करायची नाही आणि रोजाला 12 आणे मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर जायचं नाही असं ठरलं. मग लग्नगडी सोडवायची मोहीम निघाली, लाल बावटा घेऊन लोक गावागावात जमीनदाराच्या दारात जायचे आणि आतल्या माणसाला, त्याच्या बायकापोरांना बाहेर बोलवायचे, तू मोकळा आहेस म्हणून सांगायचे. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलासरीजवळ तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच आदिवासी मेले. पण लग्नगड्याची पद्धत तिथं परत उभी राहू शकली नाही. शाळेच्या पुस्तकात हे दोन ओळीत आटपतं, खरं तर आपल्याकडच्या प्रत्येक पोराला माहीत असायला पाहिजे.

कायदा काय म्हणतो हे सोप्या भाषेत सांगतो कारण यात फार गैरसमज आहेत. उचल देणं घेणं हा आपोआप गुन्हा होत नाही. सालगडी ठेवणं पण गुन्हा नाही. पण वेठबिगार पद्धत मोडणारा जो 1976 चा केंद्राचा कायदा आहे तो असं बघतो की कर्जाच्या किंवा उचलीच्या बदल्यात माणसाला फुकट किंवा किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवलं जातंय का, त्याला दुसरीकडं काम धरायची मोकळीक नाही का, हवं तिथं जायची मोकळीक नाही का, स्वतःचा माल बाजारभावानं विकायची मोकळीक नाही का. यातलं एक जरी लागू झालं तरी ती वेठबिगारी, चारही लागत नाहीत. कागद आहे का नाही, त्यानं स्वतःच्या खुशीनं अंगठा दिला होता का, यानं काही फरक पडत नाही. असं कर्ज कायद्यानं शून्य होतं, म्हणजे परत द्यायचंच नाही, वसुलीला जाणारा मालकच गुन्हेगार ठरतो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि 2,000 रुपयांपर्यंत दंड. ज्या खोपीत तो माणूस कामाच्या बदल्यात राहत होता तिथून त्याला हाकलता येत नाही, हे कलम तर फार कमी लोकांना माहितीय. तक्रार जिल्हाधिकाऱ्याकडं किंवा प्रांताकडं करायची, जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या असतात. आणि किमान वेतनाचा जो 1948 चा कायदा झाला त्यात शेतीकाम अगदी सुरुवातीपासून धरलेलं होतं. 1982 साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या केसमध्ये तर सुप्रीम कोर्टानं स्पष्टच सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमीत काम करून घेणं म्हणजे घटनेच्या 23 व्या कलमातली सक्तीची मजुरी, कारण उपाशी माणसाची संमती ही खुशीची संमती धरता येत नाही.

म्हणून वर मांडलेला 329 चा हिशेब नुसता ओट्यावरच्या भांडणाचा नाही. आकडा धान्य कपड्यासकट त्या वर्षीच्या किमान वेतनाच्या वर जातो का हे बघायला लागतं.

आज परिस्थिती बरीच बदललीय. ट्रॅक्टर आले, बैल गेले, आणि बैल गेले तसा गडी पण गेला, कारण वर्षभर माणूस लागायचा तो मुख्य करून जनावरांसाठी. पोरं एमआयडीसीत, बांधकामावर, पुण्यामुंबईला जातात. आता सालाचा आकडा लाखाच्या वर गेलाय आणि गडी अटी घालतो, फवारणी करणार नाही, रात्री पाणी देणार नाही, महिन्याला दोन सुट्ट्या पाहिजेत, गाडीला पेट्रोल पाहिजे. मालक लोक चिडतात, "गड्यांचे नखरे वाढले" म्हणतात. मला यात नखरे दिसत नाहीत, पहिल्यांदा बोली दोन्ही बाजूंनी व्हायला लागलीय एवढंच दिसतं. लहान शेतकऱ्याची अडचण खोटी नाही, कापसाला सोयाबीनला भाव नसताना तो तरी लाख सव्वा लाख कुठून आणणार, पण त्याचं उत्तर गड्याच्या खिशातून काढता येणार नाही.

आणि जिथं गावातली माणसं मिळत नाहीत तिथं लांबची येतात. खान्देशात सातपुड्यातले आणि मध्यप्रदेशाच्या हद्दीतले पावरा समाजाचे लोक सालदार म्हणून कुटुंब घेऊन शेतात राहतात, विदर्भात मेळघाट आणि पलीकडचे कोरकू. पोरांची शाळा सुटते, रेशनकार्ड गावाकडं, भाषा वेगळी, आणि वस्तीपासून लांब वावरात एकटं घर. गावातल्या सालगड्याला निदान ओट्यावर बसणारा एखादा जाणता माणूस मधी घालता यायचा, या लोकांना ते पण नाही, त्यांची बोली फोनवर ठरते आणि वही मालकाकडंच असते.

बोलण्यात शब्द कसा वापरायचा असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगेन. खेळात, कौतुकात, मैत्रीत गडी बिनधास्त म्हणा, तो त्याचा जुना आणि सुंदर अर्थ आहे. जुन्या लिखाणात आला तर तसाच वाचा, बदलून सेवक वगैरे करू नका, त्यानं त्या काळातलं नातंच पुसलं जातं. पण समोरच्या माणसाबद्दल, "हा आमचा गडी" म्हणून पाहुण्यांना ओळख करून देऊ नका. त्याचं नाव सांगा, आणि वयानं मोठा असेल तर "हे आमच्या शेतीचं बघतात" म्हणा. गावाकडं नवीन पोरं असं म्हणायला लागलीत, आणि सालावर असलेली माणसं पण स्वतःबद्दल सांगताना "अमक्याच्या इथं सालानं हाय" म्हणतात, "त्यांचा गडी हाय" असं फारसं कोणी म्हणत नाही.